जिभेखालची गोळी

१४ मार्च, मंगळवार. भावाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा खाली यायला तयार नाही. साबण संपला, आणला. कोरफडीची कुंडी उकरली. काही सापडलं नाही.

एवढं लिहून अक्कांनी वही मिटली. त्या शोधत होत्या गोळ्या. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत होत्या. रोजच्या गोळीनं त्या आटोक्यात येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. येईनात, तेव्हा बाईंनी विचारलं, "गोळी चुकवत नाही ना?" भाऊ ताडकन भडकला आणि अक्कांच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी हाच जिभेखाली औषध धरून मोरीत थुंकायचा.

घरी येऊन त्यानं गोळी घेतली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तूच सांगायचास ना, बिनतिकिटाचा माणूस आधी आवाज चढवतो म्हणून?"

भाऊ बसमधला निवृत्त तिकीट तपासनीस. "अगं अक्का, जन्मभर फुकटे पकडले, पण कुणाची जीभ उचलून नाही पाहिली!"

"आ कर."

त्यानं आ केला. जिभेखाली काही नव्हतं. तरी त्या मोरीपर्यंत त्याच्या मागे गेल्या. त्याचा संशय वेगळाच. गोळी उजेडात धरून तो म्हणायचा, "औषधवाला खडू विकतोय मला." अक्का मनात म्हणायच्या, चोराच्या उलट्या बोंबा.

शेवटी बाईंनी आणखी रक्त घेऊन दोन तपासण्या करवल्या. निकालाच्या दिवशी दोघं खुर्च्यांत अंतर ठेवून बसली.

"रक्तात औषध पुरेसं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे गोळी खरी आहे आणि हे ती नियमित घेतात. पण यांच्या पेशी औषध आत ओढूनच घेत नाहीत. ते बाहेरच फिरत राहतं. आता दुसरी गोळी देऊन पाहू. ती वेगळ्या वाटेनं आत शिरते."

"लागू पडेल?" अक्कांनी विचारलं.

"तीन महिन्यांनी कळेल."

दोघं बाहेर आली. मग भाऊ म्हणाला, "अक्का, त्या कोरफडीला काय झालंय गं? मान टाकलीय तिनं."

"उंदीर असेल."

"चष्मेवाला उंदीर?"

अक्का हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी नव्या गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या कपाटाऐवजी त्याच्या उशाशी ठेवलं. रात्री त्यानं दार लोटून गोळी घेतली. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

वहीत लिहिलं: कोरफड पुन्हा लावली. मुळं शाबूत आहेत.