गणपतीच्या पाच दिवसांची अट

माझ्या भाचीला दापोलीत दोन खोल्या घ्यायच्या आहेत. कॉलेजच्या मुलांना भाड्याने देईन म्हणते. "मावशी, तू इतकी वर्षं भाडेकरू सांभाळतेस, काय काय बघायचं ते सांग," असा तिचा फोन येतो आणि मी एकीकडे भाजी निवडत सांगत राहते. विजेचा मीटर वेगळा घे. स्लॅब गळतो का, हे विकणाऱ्याला उन्हाळ्यात विचारू नको, आषाढात जाऊन स्वतः छताकडे बघ. करार अकरा महिन्यांचा कर आणि तो नोंदव. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दे, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. अनामत आपली नसते, तिला हात लावू नको. पाण्याचा पंप कोणी आणि कधी लावायचा हे पहिल्या दिवशीच ठरव, कारण माणसं भाड्यावरून एकदा भांडतात आणि पाण्यावरून रोज.

यातलं माझं काहीच नाही. सगळं आमच्या ह्यांचं. हे बोटीवर होते. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर काढायचे, पण घराचे नियम त्यांचे. सासऱ्यांनी बांधलेल्या चिऱ्याच्या घरावर त्यांनी दोन खोल्यांची माडी चढवली, आम्ही वर राहायला गेलो आणि खालचं घर भाड्याने दिलं. "बोटीवाल्याला पेन्शन नाही, हे घरच आपल्याला पोसणार," म्हणायचे. तसंच झालं.

पण आमच्या करारात एक अट होती, जी भाचीला मी सांगितलेली नाही. खालच्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या वेळेपासून गणपतीची जागा. कोकणात माणसं घर बदलतील, देवाची जागा बदलायची नाहीत. म्हणून करारातच लिहिलेलं असायचं, की चतुर्थीचे पाच दिवस भाडेकरूने घर रिकामं करून किल्ली द्यायची. एकदा घाटावरचा एक बँकवाला खोल्या बघायला आला होता. अट ऐकून म्हणाला, "म्हणजे भाडं आम्ही भरायचं आणि राहायचं देवानं?" हे म्हणाले, "देव भाडं भरत असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" तो गेला. तेव्हापासून यांनी नियमच केला की भाडेकरू असा शोधायचा, जो चतुर्थीला आपल्या गावी जातो. रत्नागिरीत अशा माणसांना तोटा नाही.

आत्ताचे भाडेकरू संगमेश्वराकडचे, नवरा-बायको दोघंच. तो एका लॅबमध्ये कामाला. दरवर्षी हरतालिकेच्या आधी ती दोघं कपाट आतल्या खोलीत सरकवायची, जमीन पुसून घ्यायची, किल्ली माझ्या हातात देऊन गावची एसटी पकडायची. त्यांचा गणपती तिकडे, आमचा इकडे. कधी कुरकुर नाही.

गेल्या वर्षी श्रावणात हे गेले. वरच्या खोलीत, पलंगावर, फार दिवस अंथरुणाला खिळून. सुतकात चतुर्थी आली, म्हणून गणपती आणला नाही. त्यानंतरचं वर्ष कसं गेलं असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. गेलं. माणसं भेटायला यायची, मी चहा टाकायचे. त्यांना रडू यायचं, मला यायचं नाही, आणि मग त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांचा पलंग होता तिथेच ठेवला होता. मी स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपत होते. पहिल्या तारखेला भाडं येत होतं, सकाळी पंप लागत होता.

शिमग्यानंतर भाडेकरूच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्याने त्यांना गावाहून इथे आणलं. इस्पितळातून सोडल्यावर म्हातारे खालच्या पुढच्या खोलीतच राहिले, वारा तिथेच लागतो म्हणून. मला हे माहीत होतं. कधी वाटीभर काही केलं की मी दारातूनच देऊन यायचे. आत कधी डोकावले नाही.

श्रावण लागल्यावर मुंबईहून दिरांचा फोन आला. "वहिनी, गेल्या वर्षी खाडा झाला. यंदा गणपती जागच्या जागी बसला पाहिजे."

"खाली त्यांचे वडील आजारी आहेत," मी म्हटलं.

"पाच दिवस गावी नेऊ देत. करारात आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. आज सोडलंत की उद्या ते म्हणतील घर आमचंच."

मी जिन्यात भाडेकरूला गाठून सांगितलं. "डॉक्टर हलवू नका म्हणालेत, काकू. रस्ता खड्ड्यांचा, मध्ये घाटी. वाटेत काही झालं तर..." मग तोच म्हणाला, "बघतो. गाडी करतो."

"बघा," मी म्हटलं आणि वर येऊन कुकर लावला. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. म्हातारा वाटेत जाऊ शकतो हे मला कळत होतं, पण पाऊस येणार हे कळतं तसं. नियम यांचा होता, आणि यांचं म्हणून माझ्याकडे आता नियमच तेवढे उरले होते.

चतुर्थीला आठवडा असताना मी खाली उतरले. गणपतीमागच्या भिंतीला आम्ही दरवर्षी नवा रंग देतो, तिची डागडुजी किती आहे ते बघायचं होतं. म्हाताऱ्यांच्या सूनबाईने दार उघडलं. वरच्या वाशाला दोन कड्या आहेत. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधलेली लाकडी माटवी आम्ही त्या कड्यांना टांगतो. एका कडीतून सुती दोर खाली सोडला होता, त्याला धरायला गाठी मारल्या होत्या. दोराखाली, बरोबर गणपतीच्या जागी, म्हातारे गादीवर पडले होते.

मला बघताच त्यांनी चांगला हात वर करून दोर धरला आणि स्वतःला ओढू लागले. मान थरथरत होती.

"उटतो हां बाय, उटतो," ते म्हणाले. "द्येव यायचा म्हंजे जागा खाली करून द्यायलाच पायजे. उगाच तुमचा खोळंबा नको."

ते जेमतेम टेकून बसले आणि माझ्याकडे बघून हसले. तोंडाची एकच बाजू हसली. सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती, ती दोराकडे बघत होती.

हेही शेवटी असेच कोणी खोलीत आलं की उठायला बघायचे. धरायला काही नव्हतं, म्हणून चादर मुठीत धरायचे. "पडून राहा हो," मी ओरडायचे.

"पडून राहा," मी म्हाताऱ्यांना म्हटलं. ओरडलेच बहुधा. सूनबाई दचकली. "कुठे जायचं नाही तुम्ही. गाडी नको म्हणून सांग नवऱ्याला."

"आणि गणपती, काकू?" तिने विचारलं.

"माझ्याकडे बसेल."

दिरांना मी त्याच दिवशी फोन केला. ते तापले. बापाने ठरवलेली जागा वहिनी एका भाडेकरूसाठी मोडते, आता बाकी काय राहिलं, असं बरंच म्हणाले. मी ऐकून घेतलं. "या तुम्ही, आरतीला माणूस लागेल," एवढं म्हटलं. ते येतो म्हणाले नाहीत.

माडीवर खोल्या दोनच. एक स्वयंपाकघर, दुसरी यांची. दुसऱ्या दिवशी सकाळी भाडेकरू पाना घेऊन वर आला आणि आम्ही पलंग सोडवायला घेतला. बोल्ट गंजले होते. तो खोबरेल सोडून पाना लावत होता, मी फळ्या धरत होते. भिंतीला टेकवलेल्या उशा उचलल्या, डोक्याकडची ठेंगणी फळी निघाली आणि मागची भिंत उघडी पडली. महिनोन् महिने टेकलेल्या डोक्याचा तेलाचा डाग होता तिथे, ताटलीएवढा.

तेव्हा मला रडू आलं. मोठ्याने, भाडेकरूच्या देखत. त्याला फळी ठेवावी की धरावी ते कळेना.

"काकू, परत जोडू का?" त्याने विचारलं.

मी मानेनेच नको म्हटलं. त्याने फळ्या गच्चीवर नेऊन ठेवल्या, रंगाचा डबा आणून झाकण काढलं आणि ब्रश घेऊन भिंतीकडे वळला. मी तो त्याच्या हातातून घेतला. त्या डागावर पहिला हात मी मारला.