डॅशबोर्डामागचा हात

पुण्याच्या इस्पितळात माझ्या बायकोला, ठकूला, मी शेवटचं बघितलं, तेव्हा तिचे दात एकमेकांवर रुतून बसले होते. धनुर्वात. तोंड उघडत नव्हतं, पण डोळे लख्ख जागे. ती माझ्याकडं बघत होती आणि मी खिडकीकडं. तिला जाऊन सहा आठवडे झाले...

चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्यावर माझं मोटारींच्या वायरिंगचं दुकान, मागं राहायची खोली. मुंबईच्या शेटलोकांच्या विलायती गाड्या यायच्या. बुटक्या, दोनच माणसांच्या, छप्पर मागं सारायच्या. आत मऊ कातड्याच्या गाद्या, थंडीत पायावर गरम हवा सोडणारं यंत्र, समोर चकचकीत लाकडात काटे, बटणं आणि मधोमध रेडिओ. पण त्या लाकडामागं जागा कसली? उंदरालासुद्धा अंग चोरावं लागेल. एकदा माझा हात तिथं अडकला आणि मी बोंबलायला लागलो. ठकू पीठ मळायचं सोडून धावत आली, तेल लावून हात सोडवला आणि म्हणाली, "सरका तिकडं. म्हशीचा खूर घालताय व्हय तिथं?" मग स्वतःचा हात कोपरापर्यंत घातला आणि न बघता नट शोधला.

तेव्हापासून रेडिओ तीच बसवायची. मी वर गादीवर बसून बटण फिरवायचो, ती खाली पाय ठेवायच्या जागेत मुडपून बसायची. शेट यायच्या आधी ती मागच्या खोलीत. शेट बटण दाबणार, गाणं लागणार, आणि म्हणणार, "उस्ताद, काय हात आहे तुमचा!" मी हसायचो. जेवताना ठकू म्हणायची, "उस्ताद, तेवढा तांब्या द्या. का त्यालाबी माझाच हात लागतोय?" ती हसायची, म्हणून मला वाटायचं सगळं बरं चाललंय. बायको गाडीत शिरून काम करते हे लोकांना कळलं तर माझी काय अब्रू राहिली, एवढंच डोक्यात.

शेवटची गाडी लाल कातड्याची. पाणी मुरून आतला पत्रा गंजला होता. त्यानं तिचं मनगट फाडलं. मी काय म्हणालो? "हळद दाब. तेवढा नट घट्ट कर, शेट येतील." तिनं नट घट्ट केला. रक्त थांबेना तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "कशानं कापलं? गंजकं लोखंड असेल तर सांगा, धनुर्वाताची सुई द्यावी लागेल." बाकावर ओळखीची चार माणसं बसलेली. मी म्हणालो, "विळीनं. भाजी चिरताना."

डॉक्टरांनी तिलाही विचारलं. "काय बाई, विळीच ना?"

ठकूनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. विळीच."

पट्टी बांधून घरी आलो. नवव्या दिवशी तिला घास चावेना.

दहावं झालं त्या दिवशी शेजारच्या मैनाबाईनं आमची विळी उचलली. "भाऊ, माणूस खाल्लं या मेलीनं. घरात ठेवू नका," म्हणाली आणि पवना नदीत टाकून आली. मी बघत उभा राहिलो. तेव्हा माझे दात कुणी बांधले होते?

डॉक्टर मला बघितलं की मान खाली घालतात. त्यांचा कंपाउंडर सांगत होता, साहेबांना झोप नाही, 'मीच जखम नीट बघितली नाही' म्हणतात. त्यांच्या पायरीपर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. वर्तमानपत्रातलं रविवारचं हे पान ते वाचतात. म्हणून चौथी शिकलेल्या माणसानं चार दिवस बसून हे लिहिलं. डॉक्टर, तुमची चूक नाही. तुम्ही विचारलं होतं. मी खोटं बोललो आणि तिनं मला सांभाळून घेतलं. गाडीच्या गंजक्या पत्र्यानं कापलं होतं.

गिऱ्हाईक अजून येतं. आता मी प्रत्येकाला सांगतो, रेडिओ माझी बायको बसवायची, मला येत नाही. ते माझ्या पांढऱ्या दाढीकडं बघतात, खांद्यावर हात ठेवतात, "दुःख मोठं आहे, उस्ताद. घाई नाही," म्हणतात आणि रेडिओ ठेवून जातात. तीन रेडिओ पडलेत दुकानात. कुणालाच पटत नाही...

डॉक्टर, तुम्ही तरी खरं माना.