चहापाण्याच्या ओळीतलं नाव

विज्ञानशिक्षकांसाठी भौतिकशास्त्राची कार्यशाळा मी आखली होती. पहिल्या दिवशी आमच्या कॉलेजात चर्चा, दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या डोंगराकडे निसर्गफेरी. पत्रिका छापायला द्यायची वेळ आली, तरी डोंगरावर भौतिकशास्त्र म्हणून दाखवायचं काय, ते मला सुचत नव्हतं.

सुचलं आमच्या लॅब असिस्टंटला. भांडुपला राहणारे, निवृत्तीला आलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी मला कॉलेजमागच्या आंब्याखाली नेलं आणि जमिनीवरचे उन्हाचे कवडसे दाखवले.

"पानांतल्या फटी वेड्यावाकड्या, पण कवडसे बघा, सगळे गोल. हे सूर्यच आहेत, मॅडम. ग्रहणात यांच्या चंद्रकोरी होतात, मी बघितल्यात."

बारीक भोकातून प्रतिमा पाडणारा पिनहोल कॅमेरा मी वीस वर्षं फळ्यावर काढत होते. झाडाखाली थांबून खाली कधी बघितलं नव्हतं. कवडसा मोजायचा, फटीपर्यंतचं अंतर मोजायचं, त्यावरून सूर्याचा व्यास काढायचा, ही रीतही त्यांनीच बसवून दिली.

"झकास," मी म्हटलं.

"पत्रिकेत माझं नाव येईल ना? मुलीला दाखवीन."

"येणार की."

आलंही. पण मार्गदर्शकांच्या यादीत लॅब असिस्टंट कसा शोभेल, लोक काय म्हणतील, असा विचार करून कवडशांपुढे मी माझं नाव टाकलं. त्यांचं नाव शेवटच्या पानावर, आभारात: 'चहापाण्याची व्यवस्था'. मला असं करायला कुणी सांगितलं नव्हतं, हे शहाणपण माझंच. चहा तर कँटीनमधून आला होता.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर शिक्षक कागद धरून झाडाखाली वाकले, सूर्य मोजू लागले. सगळे खूश. एका बाईंनी मला विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं हो?"

काका चार पावलांवर टेप गुंडाळत होते.

"असंच, बघता बघता," मी म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. एक वाक्य बोलले असते तर सगळं सरळ झालं असतं, पण तेवढ्या लोकांसमोर मला माझा मोठेपणा सोडवेना. त्याची लाज मला अजून वाटते.

उतरताना मी त्यांना गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच आलं. "काका, पत्रिका घरी दाखवली का?"

"काल दाखवली ना. मुलगी म्हणाली, पप्पा, तुम्ही कॉलेजात चहा करता?"

"मग?"

"हो म्हटलं. मॅडमनी खोटं छापलंय, असं कसं सांगू तिला?"

त्यांनी गुंडाळलेली टेप माझ्या हातात दिली आणि ते पुढे गेले.