राजपुत्राचं पारायण

पोथी वाचावी तर रायभाननं, असं सगळं तीर्थपुरी म्हणायचं. तसा तो साधा शेतकरी माणूस. आज्याच्या काळी घरात मेंढरं होती, बापाच्या काळी शेती आली अन् रायभानच्या वाट्याला अक्षरं आली. श्रावण लागला की लोक त्याला पाटावर बसवायचे, पोथीला हळदकुंकू वाहायचे अन् तो सुरात वाचायचा. वाचायची दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती. अडतीच्या पाटीवर कापसाचा भाव लिहिलेला असला तरी गडी तो ओवीच्या चालीवर वाचणार, आता बोला.

असाच एकदा तो कापूस घेऊन जालन्याला गेला होता. तिथं मस्तगड भागातल्या ओळखीच्या दुकानदारानं त्याच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. दुकानदाराच्या बायकोचं ते वाचून झालं होतं. वर राजाराणीचं चित्र, म्हणून रायभाननं डोक्याला लावून घेतलं. घरी येऊन उघडलं, तर राजपुत्र निघाला आजकालचा. विलायतेत शिकून आलेला, मोटारीतून हिंडणारा, अन् जीव जडला होता एका मास्तरच्या पोरीवर. आपल्या मुलखाचा राजा तिकडं हैदराबादेत. त्याला डोळ्यांनी पाहिलेलं गावात एक माणूस नव्हतं. पाटलानं नुसती हाक मारली तरी आम्ही वाकून उभे राहायचो, अन् हा युवराज पोरीसाठी भर चिखलात उतरतो म्हणजे काय चेष्टा आहे? रायभानला पुस्तक सोडवेना.

दिवेलागणीला तो ओसरीवर वाचत बसला अन् सवयीनं सूर लागला. सूर ऐकून गल्लीतल्या बाया हातची कामं टाकून आल्या. कोणी समई आणली. मोटारीचा भोंगा वाजला, हेही त्यानं सुरातच वाचलं अन् बायांनी हात जोडले.

"अवं, ही काय देवाची पोथी न्हाई," त्याची बायको गोपिकाबाई म्हणाली. पण ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी तर कोणीतरी नारळही आणून ठेवला.

बायांना राजवाड्याचं फार काही नव्हतं. सोन्याची ताटं अन् झुंबरं आली की त्या म्हणायच्या, चला पुढं. त्यांना एकच जागा पुन्हा पुन्हा हवी असायची. युवराज मोटारीतून उतरतो, मास्तरच्या लेकीसमोर उभा राहतो अन् विचारतो, "तुला काय हवं?"

"भावजी, तेवढं फिरून वाचा," शेजारची चतुराबाई म्हणायची. "आमच्या मालकानं जन्मात एकच इचारलंय, भाकर झाली का."

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. खांबाआड बसलेली इंद्रायणी तेवढी हसायची नाही.

इंद्रायणी ही गल्लीतल्याच झुंबरबाईची एकुलती लेक. तिचा नवरा सांडू, केदारखेड्याचा. एका दिवाळीला त्यानं तिला माहेरी आणून सोडलं, घ्यायला येतो म्हणाला, तो आलाच नाही. पुढं कितीक दिवाळ्या गेल्या. बाप मेलेला, भाऊ नाही, केदारखेडं पार लांब, भोकरदनकडं. विचारायला जाणार कोण? पोर वाळत चालली होती. अन् पुस्तकात नेमकं तेच आलं. राजानं युवराजाची दुसरीकडं सोयरीक जमवली अन् मास्तरची लेक बापाच्या घरी वाट बघत बसली. त्या दिवशी इंद्रायणी खांबाआडून पुढं सरकली.

वाचन थांबल्यावर झुंबरबाईनं विचारलं, "भाऊ, हिची फलश्रुती काय?"

कुठल्याही पोथीच्या शेवटी लिहिलेलं असतं, ऐकणाऱ्याला काय फळ मिळतं ते. या पुस्तकाला कुठली आली फलश्रुती? तसं काही नाही, असं सांगायला रायभाननं तोंड उघडलं. पण इंद्रायणी त्याच्याकडंच बघत होती.

"दुरावलेलं माणूस घरी येतं," तो बोलून गेला.

झालं. इंद्रायणीनं समाप्तीपर्यंत एक वेळचं जेवण सोडलं, आंबटही वर्ज्य केलं. झुंबरबाई गावभर सांगत सुटली. रायभानच्या छातीवर धोंडा बसला. तो मुद्दाम हळू वाचू लागला, वाचलेलं फिरून वाचू लागला, पण पानं काय वाढतात?

"बोलून बसलात, आता गिळता येतंय का?" गोपिकाबाई म्हणाली. "जा, त्याला घेऊन तरी या."

रायभान केदारखेड्याला गेला. सांडू राक्षस असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं. तेवढ्यात एक लेकरू रांगत येऊन सांडूच्या मांडीवर चढलं अन् आतून बांगड्या वाजल्या. रायभाननं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मामा, माय अंथरुणाला खिळली," सांडू खाली बघत म्हणाला. "घरात भाकर टाकायला कोणी नव्हतं, तिला सोडून निघता येईना. आज जातो, उद्या जातो, करता करता माझं जाणं झालंच न्हाई. मंग लोकांनी ही गाठ घालून दिली. आता हिला कुठं टाकू? तुम्हीच सांगा."

लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवून रायभान उठला.

समाप्तीच्या दिवशी इंद्रायणीनं अंगण सारवलं, नवा हिरवा चुडा भरला. रायभाननं वाचलं. युवराज राजवाडा सोडून आला, मास्तरच्या दारात मोटार थांबली. बायांनी डोळे पुसले, नारळ फोडला, प्रसाद वाटला अन् आपापल्या घरी गेल्या. इंद्रायणी अन् तिची माय तेवढ्या बसून राहिल्या. दोघींचे डोळे रस्त्याकडं.

रायभानला राहवेना. "बाई, मी खोटं बोललो. ते फळ मी मनानंच सांगितलं."

"पोथीवर बसून तुम्ही कधी खोटं बोललात का, तात्या?" ती समजूत काढल्यागत म्हणाली.

"अगं, मी केदारखेड्याला गेल्तो. त्यानं दुसरी केलीय. लेकरू बी हाय."

झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. इंद्रायणी हातातला चुडा फिरवत राहिली. मग तिनं मान वर केली.

"युवराजाची बी दुसरीकडं सोयरीक झाल्ती," ती म्हणाली. "तरी आला की."

"ते पुस्तक हाय, बाई."

"माझंच काही चुकलं असंल. मधी एक दिवस मी आंबट खाल्लं." तिनं प्रसादाची परात बाजूला सारली अन् पुस्तक उचलून त्याच्यासमोर पाटावर ठेवलं. "पुन्हा पहिल्यापासून लावा."

रायभाननं गोपिकाबाईकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. झुंबरबाई डोळे पुसत उठली अन् समईत तेल घालू लागली. काय करावं माणसानं? त्यानं पहिलं पान काढलं अन् नुसतंच हातानं सारखं केलं.

"लावा ना, तात्या," इंद्रायणी म्हणाली अन् तिनं हात जोडले.

त्यानं खाकरून घसा मोकळा केला अन् सूर लावला.