ज्याला शिकायचंय त्याची खुर्ची

आमच्या कॉलेजात प्रवेशाची चौकशी ज्यांच्या टेबलाशी होते, त्यांना सगळे मावशी म्हणतात. इतकी वर्षं तीच ती उत्तरं देऊन त्यांचा घसा बसलाय आणि डोकंही उठलंय. टेबलासमोर त्या एकच खुर्ची ठेवतात. पालक आत आले की सवयीनं तिच्यावर टेकतात आणि पोर मागे उभं राहतं. मग मावशी चष्म्यावरून बघतात. "शिकायचंय कुणाला? त्यानं बसावं." कुणी चिडतं, कुणी ओशाळतं, पण उठतं. शेजारच्या टेबलावर शिक्के मारता मारता मला हे पाठ झालंय. दारावरच पाटी लावा म्हटलं, तर म्हणाल्या, "पाट्या वाचतंय कोण?"

परवा एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी खुर्चीत बसली खरी, पण मावशींनी काहीही विचारलं की उत्तर आईकडून. शाखा कुठली, वसतिगृह हवं का, सगळं. शेवटी मावशी कंटाळून म्हणाल्या, "अहो ताई, तिला बोलू द्या की!"

मुलगी शांतपणे उठली. आईला खांद्याला धरून तिनं खुर्चीत बसवलं. "हिलाच विचारा. सगळं हिनंच ठरवलंय."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. ती लेकीकडे वळून म्हणाली, "बरं बाई, सांग. तुला काय शिकायचंय?"

मुलगी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिली.

"आई, आज शेवटची तारीख आहे गं."