लाल चंद्र, बंद खिडकी

दुधात तुळशीचं पान दिसलं की मला मखमलाबादच्या घरातली ती ग्रहणाची संध्याकाळ आठवते. मला सातवा महिना होता. नवरा विज्ञानाचा शिक्षक. लाल चंद्र गच्चीवरून दोघं मिळून बघू, असं त्यानंच कबूल केलेलं. सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या, "जागची हलू नकोस," म्हणाल्या. तो पुटपुटला, "आजच्या दिवस आईचं ऐक ना," आणि थंडी म्हणून माझीच शाल घेऊन वर गेला. अंधाऱ्या खोलीत मला त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. कॉलनीतल्या पोरांना तो सांगत होता, "पृथ्वीच्या हवेत निळा प्रकाश विखुरतो, लाल तेवढा वाकून चंद्रावर पोचतो. ग्रहणानं कुणाचं काही बिघडत नाही." आता लेक विचारते, चंद्र लाल का होतो? मी म्हणते, बाबांना विचार, ते छान समजावतात.