सात मिसकॉल

शेजारच्या घरी लग्न आहे. खिडकीतून ओल्या हळदीचा वास आला आणि मला सिल्लोडजवळच्या शाळेत असतानाचा एक रविवार आठवला. तेव्हा मी संभाजीनगरहून रोज एसटीनं जायची. दोन वर्ग माझ्याकडे होते, शिवाय मतदार याद्या आणि पोषण आहाराची ऑनलाइन माहिती. रविवारीसुद्धा मुख्याध्यापकांचे फोन थांबत नसत. वर्गातच चक्कर येऊन पडले, तेव्हा डॉक्टरांनी दटावलं, म्हणून त्या रविवारी मी पहिल्यांदाच फोन बंद करून कपाटात ठेवला. लेकीला न्हाऊ घातलं, दुपारभर तिच्याशी पत्ते खेळले. सोमवारी बसमध्ये फोन सुरू केला, तर एकाच अनोळखी नंबरच्या सात मिसकॉलचा मेसेज आला. मी तो नंबर लावला. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं फोन उचलला. "मॅडम, पोरीचं काल लगीन लावून दिलं," ती म्हणाली. "मॅडम आल्या तर थांबवतील म्हनून सकाळपासून तुम्हालाच फोन लावत व्हती. माझं घरात कोन ऐकतं?" त्याच दिवशी मी पोलिसांत तक्रार केली, पुढं साक्षही दिली, पण ती मुलगी पुन्हा वर्गात आली नाही. "तुमची काय चूक, मॅडम? सुट्टीच होती तुमची," मुख्याध्यापक म्हणाले. इतकी वर्षं झाली, त्यांचं म्हणणं मला कधी खोडून काढता आलं नाही, आणि ते कधी खरंही वाटलं नाही.